मेला तो मेला, आणि इतर ऐच्छिक नियम

पाच माणसं दर रविवारी दुपारी एका टेबलाभोवती बसवा, मध्ये एक जाडजूड नियमांचं पुस्तक ठेवा आणि मग बघा. खेळ होवो न होवो, किस्से होतातच! पुस्तकाची नवी सुधारित आवृत्ती आली तेव्हापासून तर आमच्याकडे इतके साचलेत की कुठला सांगू नि कुठला गाळू असं झालंय.

आधी मंडळी. खेळ चालवतो नंदू. गोष्ट तो सांगतो, म्हणून तो मास्टर. आम्ही बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र. आपलं पात्र काय करतं ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. वैशाली आलापल्लीकडे वनरक्षक आहे, सुटी मिळाली की एसटी पकडून चंद्रपूरला येते. मंगेश मडावी मार्कंड्याजवळच्या एका गावात शिक्षक. माझं चष्म्याचं दुकान. आणि पाचव्या नंदूच्या आई, आमच्या काकू. घर त्यांचं, चहाही त्यांचाच.

काकू आधी नुसत्या ऐकायच्या. एक दिवस म्हणाल्या, "मीबी बसून पाह्यते." बसल्या, आणि निवडली काय, तर चोरटी! गजरी तिचं नाव. गजरी भिंती चढते, कौलांवरून पळते. खुद्द काकूंना मात्र अंगणाच्या दोन पायऱ्या उतरायच्या तरी कोणाचा तरी हात लागतो.

"माहे गुडघे गेले," त्या म्हणतात, "तिचे शाबूत आहेत. रविवारी मी तिच्या पायानं फिरून येते."

म्हणून गजरी मेली तर काकूंचं फिरणंच बंद होणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

*

नव्या पुस्तकात अर्धे नियम ऐच्छिक. पटले तर घ्या, नाही तर सोडा! पहिला रविवार नियम निवडण्यात गेला. दुसरा रविवार, पहिल्या रविवारी निवडलेले बदलण्यात.

"भाऊ, आमच्या ग्रामसभेत याच्याहून लवकर ठराव होते!" मंगेश वैतागला.

सगळ्यात जास्त रणकंदन झालं 'मेला तो मेला' या नियमावर. पूर्वी मेलेलं पात्र मंत्र टाकून उठवता यायचं. हा नियम घेतला की ते बंद. वैशाली आणि मंगेश म्हणाले, घ्याच, त्याशिवाय मजा नाही.

"मजा तुमची, जीव माह्या गजरीचा!" काकू कडाडल्या.

मी काकूंच्या बाजूनं. (चहा त्यांचा आहे, हे वर सांगितलंच.) मतं दोन विरुद्ध दोन. नंदूनं आईकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि निर्णय पुढे ढकलला.

*

उन्हाचा नियम मात्र एकमतानं पास झाला. जीवघेणं ऊन असेल तर दर तासाला फासा टाकायचा, फसला तर पात्र थकतं. नंदूनं 'जीवघेणं ऊन' म्हणजे किती, तो आकडा वाचला. तो आमच्याकडे मार्चमध्येच मागे पडतो! बाहेर मे महिना, लाईट गेलेली, कूलर मुका.

"म्हंजे आपण सगळे मरूनच खेळून राह्यलो का?" वैशालीनं विचारलं.

काकूंना वेगळीच शंका. "हे लिवणारा कुठचा आहे गा?"

"थंड देशातला असेल."

"बिचारा!"

*

मास्टरसाठी पुस्तकात एक तक्ता आहे. प्रवासात वाटेवर काय आडवं येतं ते फासा टाकून त्यात बघायचं. त्यात सगळी बर्फातली जनावरं. नंदूनं आलापल्लीच्या सागवानी जंगलाला शोभेल असा नवा तक्ता बनवला, आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

पहिला फासा टाकला, तर दहा हातांचा राक्षस आला. आम्ही तलवारी उपसून तुटून पडलो! वैशालीनं एकटीनं त्याचे चार हात छाटले. राक्षस खलास.

दुसरा फासा. नंदू म्हणाला, "मोहाच्या झाडाखाली अस्वल आहे."

चौघंही एका दमात म्हणालो, "पळा!"

नंदूनं कपाळाला हात लावला. "अबे, आत्ता राक्षस मारला ना तुमी!"

"राक्षस मी कुठी पाह्यला?" मंगेश म्हणाला. "अस्वल पाह्यलं आहे!"

*

नव्या आवृत्तीत लढाईऐवजी बोलून काम साधायचाही एक नियम आहे. किल्ल्याच्या दारात चौकीदार होता. गजरीनं त्याच्या कमरेची किल्ली मारायची, एवढाच बेत. पण काकूंनी त्याला हटकलं, "कुठचा गा तू? कोणाच्या घरचा?"

झालं! नंदूला त्याचं गाव सांगावं लागलं, मग आईचं माहेर, मग भावंडं. मास्टरला अडीअडचणीला नावं पुरवणारी जी यादी असते, ती तिथेच संपली. शेवटी चौकीदाराचं लग्न गजरीच्या मावसबहिणीशी ठरलं आणि दार त्यानंच उघडून दिलं.

"पुढच्या वेळी चौकीदार मुका ठेवतो," नंदू घाम पुसत म्हणाला.

*

टेबलावर एक लाल कार्डही असतं. एखादा प्रसंग कोणाला सोसवेनासा झाला, तर त्यानं कार्डावर बोट ठेवायचं. कारण विचारायचं नाही, मास्टर लगेच पुढे जातो. चांगला नियम आहे, आम्ही तो मनापासून मानतो.

भुतं आली, कवट्या आल्या, रक्ताचं तळं आलं. कार्डाला कोणी हात लावला नाही. मग नंदू सांगू लागला, "जंगलात धूळ उडते. बडे साहेब तपासणीला येऊन राह्यले..."

वैशालीचं बोट कार्डावर!

"नाई गा. आज सुटी आहे माही."

*

आणि आता हा शेवटचा किस्सा. एका रविवारी मंगेश गमतीत बोलून गेला, "काकू, तुमची गजरी कशी मरन? मास्टर घरचाच आहे!"

मास्टर पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकतो, त्याला तशी मुभा असते. पण काकूंना ते फार लागलं.

"नंदू, काढ तो पुठ्ठा. सगळ्यायच्या समोर टाक. अन् तो 'मेला तो मेला'बी घे. आजपासून."

"आई, काऊन पण?"

"घे म्हटलं ना!"

टेबलावरून फासे घरंगळायचे, म्हणून काकूंनीच स्वयंपाकघरातून सूप आणलं. नंदूनं जाहीर केलं, सुपात पडेल तो फासा खरा, बाहेर पडला तर परत टाकायचा.

आणि त्याच दुपारी गजरी अडकली! राजवाड्याच्या छपरावर, आधीच जखमी, आणि खालून पहारेकऱ्यानं बाण रोखलेला. मंगेश पुटपुटला, "मी उगीच बोललो, काकू."

"आई, पंधराच्या वर पडला तर..."

"मले मालूम आहे. टाक."

नंदूनं टाकला. फासा सुपात गरगरला आणि थांबला. वीस!

वैशालीनं डोळे झाकून घेतले. खेळ आहे हे कळत होतं, तरी मला रडू येईल असं वाटलं.

काकूंनी दोन्ही हातांनी सूप उचललं. एक हलका हिसका दिला, आणि फासा उडून थेट अंगणात!

सगळ्यांनी अंगणाकडे बघितलं. मग मंगेश हळूच म्हणाला, "बाहेर पडला."

"बाहेरच पडला," वैशाली म्हणाली.

"बाहेरचा धरत नाई," मी म्हणालो.

नंदूनं दुसरा फासा टाकला. चार! गजरी कौलांवरून निसटली.

चहा झाल्यावर नंदूनं विचारलं, "आई, खरं सांग. मुद्दाम उडवला ना तू?"

काकू सूप काखेत मारून उठल्या.

"मुद्दाम काऊन उडवीन? खडा दिसला, काढला."