तीन खाचांचा पाटा

माठ घेताना बाया काय करतात? बोटाच्या पेरानं ठोकून बघतात. खणखणीत बोलला तर घ्यायचा, भद्द बोलला तर परत. माझा कान त्यात लई तयार. लातूरकडच्या मुरुडच्या बाजारात शेजारणी मला हाताला धरून न्यायच्या, "चल गं, तुझा कान दे घडीभर." माझे मालक ट्रकवाले. एकसारख्या दोन गाड्या होत्या आमच्या. त्यांच्या डोक्यात आलं, जो कान माठाला चालतो तो पाट्याला का चालू नये?

पाटा माहीत नसेल तर सांगते. ट्रकच्या पुढच्या चाकांवर वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत असते, ते पाटे. सगळ्यांत वरचा तो मेन पाटा. गाडीचं तोंड त्याच्यावर तोललेलं असतं. तो तुटला की स्टेअरिंग कुठं आणि चाक कुठं, काही धरबंद राहत नाही. जुन्या गाडीला पाटा बहुतेक भंगारातूनच घ्यायचा, आणि भंगारातल्या लोखंडाच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही. म्हणून मालक मला नांदेडला सोबत न्यायचे. पाटा दोरीनं टांगायचा, हातोडीचा एक टोला द्यायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचं. "सांग." मी "बोलतोय" म्हणलं की घेतला. "मुका हाय" म्हणलं की सोडला.

मी पास केलेल्या पाट्याच्या कडेला ते कानशीनं तीन खाचा पाडायचे. गाडीदुरुस्तीच्या कारखान्यात कोणी पाटा बदलू नये म्हणून. मला म्हणायचे, "ही तुझी सही." मला तेव्हा सही कुठली येत होती? अंगठाच उठवत होते. पाट्यांवर मात्र माझ्या सह्या नांदेड-लातूर फिरत होत्या. त्याचा मला केवढा तोरा होता ते आता सांगवत नाही.

आठ वर्षांमागं लोह्याच्या अलीकडं उजवीकडचा मेन पाटा तुटला, त्यांची गाडी खड्ड्यात गेली आणि तेही गेले. भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर. तो पाटा मी पास केला होता. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. पण त्या दिवसापासून दुपारची भांडी घासून झाली, की घरात एक आवाज यायला लागला. टांगलेल्या पाट्यावर टोला पडावा तसा. एकच. मग बराच वेळ त्याची गुणगुण. मी उठून अंगण बघायची, वर चढून माळवद बघायची. काही नसायचं. लेकीनं लातूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले वयानं होतं असं, बाहेर काही वाजत नाही. मी मान डोलावली.

खड्ड्यातली गाडी नांदेडला भंगारात गेली. दुसरी आमच्या मागच्या अंगणात निंबाखाली उभी राहिली, डाव्या गुडघ्यावर बसलेल्या बैलासारखी. मागल्या साली जावयानं मनावर घेतलं. तो मोठ्या कारखान्यात गाड्यांची कामं करत होता, आता स्वतःची गाडी पाहिजे होती. लेक माझी शाळेत शिकवते. ती नवऱ्याला म्हणाली, "आई वाजवून हो म्हणाली तर गाडी काढायची. न्हाई तर न्हाई."

म्हणजे पुन्हा माझ्याच कानावर एक माणूस रस्त्यावर जाणार. आणि ह्या वेळी माझ्या लेकीचं कुंकू.

"मामी, घाबरता कशाला?" जावई म्हणाला. "माठ घ्यायला निघालो असं समजा."

"माठ फुटला तर पाणी सांडतं, बापू."

त्यानं पुढचा भाग सगळा खोलला. बुश झिजले होते, पिना गंजल्या होत्या, पाटे आवळायचे यू-बोल्ट तर हातात घेताच पिचले. ते सगळं नवीन घ्यायचं ठरलं. डावा मेन पाटा चपटा झाला होता. उजवा मात्र तसाच ताठ, कडेला तीन खाचा. मी पदरानं पुसला तो. म्हणलं हा राहू दे, ह्याला फक्त जोडीदार शोधू. पाटे जोडीनं बघायची पद्धत आहे, एक नवा एक थकलेला घातला की गाडी एका अंगाला ओढते. जावई म्हणाला, "तुमची सही हाय म्हणल्यावर मी काय बोलू?"

नांदेडला आमचे जुने भंगारवाले चाचा आहेत. वखारीच्या पत्र्याखाली ऊन तापलेलं, दोन्ही बाजूंना पाटे भिंतीला टेकून उभे, माणसांसारखे रांगेनं. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले.

"काय झालं मामी?"

"कोणी वाजवलं?"

"कोणीच न्हाई."

चाचा पुढं आले. "भाभी, बहोत साल बाद. आईये." बसायला बाज दिली, चहा सांगितला. मी माप सांगितलं. चाचा रांगेत न शोधता सरळ कोपऱ्यात गेले आणि एक पाटा ओढत आणला. "ये देखो. किसीको बसताच नई. दस गिऱ्हाईक आये, दस गये. जैसे आपकेच वास्ते रुका था."

मी बोटानं धूळ पुसली. कडेला तीन खाचा.

आमच्या मोडलेल्या गाडीचा डावा मेन पाटा. जो तुटला, त्याचा जोडीदार. दोघांना एकाच दिवशी मी पास केलं होतं. सात वर्षं हा कोणाच्या गाडीखाली गेला नाही, इथं कोपऱ्यात माझी वाट बघत बसला.

जावयाला आनंद झाला. त्याला वाटलं सासऱ्यानंच पाठवला. "जोडी जमली बघा मामी!" चाचांनी दोरीला टांगला, हातोडी माझ्या हातात दिली. टोला नीट बसलाच नाही. तरी तो बोलला. काय बोलला! देवळातली घंटा फिकी. आणि तो आवाज मला ओळखीचा होता. रोज दुपारी घरात यायचा तो हाच. तोच सूर, तीच गुणगुण.

"घंटी है घंटी," चाचा म्हणाले. "बोलो भाभी, पास?"

दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते. तोंडात "बोलतोय" आलं होतं. पण मनात आलं, तो तुटलेला पाटासुद्धा त्या दिवशी असाच बोलला होता. असाच गोड.

मी म्हणलं, "बापू, तुमच्या कारखान्यात काय करतात? कानाशिवाय?"

तो हसला. "तुमचा कान, माझा खडू." बायको मास्तरीण, त्यामुळं ह्याच्या खिशात खडू कायमचा. त्यानं पाट्याला डिझेल चोळलं, चिंधीनं कोरडा पुसला, वरून खडू फासला. चीर असली तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आम्ही चहा पीत बसलो. हळूहळू केसाएवढी रेघ उमटली. कडेपासून निघाली, पेरभर आत गेली.

कुठून निघाली? मधल्या खाचेतून.

चाचांनी कप खाली ठेवला. खाचेवर नख फिरवलं. "पाटे को कानस लगाये कौन? भाभी, ये तो रोज झुकता, रोज सीधा होता. जहाँ खाच, वहाँसेच फटता." मग माझ्याकडं बघून त्यांना कळलं, आणि त्यांनी खाचेवरून बोट काढून घेतलं.

घेताना माझा कान चुकला नव्हता. पाटे चांगलेच होते. त्यांना आम्ही सही केली होती.

मी तिथं रडले नाही. पैसे मोजून तो पाटा घेतला, पुन्हा कोणाच्या गाडीखाली जाऊ नये म्हणून. जावयाला एवढंच म्हणलं, "घरचा उजवा पण नको." घरी येऊन त्यानं त्यालाही खडू लावला. तिथंही रेघ होती, मधल्याच खाचेतून, थोडी आखूड. दोन्ही तीन-खाची पाट्यांचे मी गॅसनं कापून तुकडे करवले आणि भंगारात देऊन टाकले. अंगणात लोखंडाची कांबसुद्धा ठेवली नाही.

लातूरहून नव्या पाट्यांची जोडी आली. लेक उंबऱ्यात उभी, जावयानं पाटा दोरीनं निंबाला टांगला. मी टोला दिला. चांगला बोलला. लेकीनं विचारलं, "काय आई?"

"चांगला बोलतोय. पण माझ्या ऐकण्यावर गाडी काढू नका. खडू लावा, आणि दर चार महिन्यांनी लावा."

खडू पांढरा तो पांढराच राहिला. लेक हो म्हणाली. जावयानं विचारलं, खूण काय करायची? मी म्हणलं, काही नको. आता लेकीनं मला लिहायला शिकवलंय, सही करायला कागद आहे.

पहिली फेरी नांदेडची. मी घरात बसून होते, जेवण गेलं नाही. दुपारी त्याचा फोन आला. "मामी, लोहा मागं टाकला. गाडी पाण्यासारखी चालून राहिली. आता ढाब्यावर थांबलो."

मी देवाला हात जोडले, आणि तेवढ्यात आवाज आला. एक टोला आणि त्याची गुणगुण. आवाज माझ्या कानातला, त्याला काय सांगायचं?

फोनमध्ये जावई म्हणाला, "मामी, पाटा कोण वाजवून राहिलं तुमच्याकडं?"

मी अंगणाकडं बघितलं. निंबाची दोरी रिकामी होती, आणि हलत होती.

"कोणी न्हाई, बापू," मी म्हणलं. "निघायच्या आधी एकदा खाली वाकून बघा. खडू हाय ना खिशात?"