झरीच्या रानातलं सफरचंद

चतुराबाईच्या डोक्यात सफरचंद शिरलं ते लेकीच्या बाळंतपणात. लेक राजेश्री, जावई फौजेत, नेमणूक हिमाचलात. बाई परभणीजवळच्या झरी गावाहून डिंकाचे लाडू घेऊन दोन महिन्यांसाठी गेली. खोलीच्या मागं उतारावर बाग होती आणि झाडं लाल सफरचंदांनी अशी लगडलेली, की पहिल्या दिवशी बाई हातात चहा धरून नुसती बघतच राहिली, चहा पार थंड झाला तरी. आजवर तिनं सफरचंद पाहिलं होतं ते दवाखान्यात, आजारी माणसाच्या उशाशी. ते असं झाडाला डुलतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

येताना तिनं तीन रोपं आणली. बागवाल्यानं कमी थंडीत भागवणारी जात म्हणून दिलेली. ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन, तीन गाड्या बदलून. "नातवाला सोडून आली अन् रोपं घेऊन आली," असं शेजारची सुलाबाई अजून सांगते, आणि ते काही खोटं न्हाई.

आता झरीचं ऊन काय सांगावं! मे महिन्यात बांधावर चप्पल विसरावी, तर संध्याकाळी ती वाकडी होऊन सापडते. दोन रोपं पहिल्याच मे महिन्यात गेली. तिसरं मात्र चिवट निघालं. घरच्या मोसंबीच्या शेवटच्या ओळीला, टोकाला, कडुलिंबाच्या सावलीत त्यानं जीव धरला.

जीव धरला, पण फुलायचं नाव काढंना. दोन वर्षं नुसती पानावर पानं. शेवटी बाईनं परभणीच्या विद्यापीठातल्या एका साहेबाला गाठलं.

साहेब हसले. म्हणाले, "मावशी, प्रत्येक फळाचा मुलूख ठरलेला असतो. सफरचंद हिवाळ्यात पानं गाळून झोपतं. पुरेशी थंडी झोपून काढली की मग जागं होऊन फुलतं. आपल्याकडं ऊबच इतकी, की ते झोपतच नाही. आणि झोपलंच नाही तर उठणार कुठून?"

बाकी कुणी असतं तर गप घरी आलं असतं. चतुराबाई हरखूनच घरी आली. रोग कळला होता! झाडाला झोप येत नव्हती, एवढंच. तिनं नात्यातली किती पोरं मांडीवर घेऊन झोपवली होती, हे झाड काय मोठं लागून गेलं?

मग त्या हिवाळ्यात जे चाललं ते अख्ख्या झरीनं पाहिलं. बाजारच्या दिवशी मासेवाल्याकडून बर्फ आणून बाईनं झाडाच्या बुडाशी रचला. सफरचंद झोपलं न्हाई, पण आठवडाभर गावातली मांजरं तिथं मुक्कामाला होती. सुलाबाईनं बांधाला शेकोटी पेटवली, तर ही घागर घेऊन धावली आणि विझवून मोकळी झाली. "झाडाला ऊब लागायली, दिसत न्हाई का तुला?" सुलाबाई थंडीनं कुडकुडत तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. आणि बाईचे यजमान दिनकरराव, ते मोसंबीवाले. चाळीस वर्षं मोसंबीच केलेली. ते हसायचे न्हाईत, पण त्यांच्या मिशा हलायच्या.

पोरगा परमेश्वर मात्र वैतागला. त्याला शेततळं करायचं होतं, आणि उताराच्या हिशोबानं जागा नेमकी तीच, मोसंबीच्या टोकाची. कडुलिंब बाहेर राहत होता, सफरचंद बरोबर आत येत होतं. तो म्हणाला, "माय, एका झाडापायी तळं अडवायलीस तू. दरसाल उन्हाळ्यात मोसंबी सुकायली, ते दिसत न्हाई का?"

ते दिसत होतं. बाई अडाणी नव्हती. ती म्हणाली, "अजून एक हिवाळा दे. शिवरात्रीपर्यंत फूल आलं तर झाड माझं. न्हाई आलं, तर खोदायचं मशीन आण. मी एक शबुद बोलणार न्हाई."

ठरलं. आणि नेमका तोच हिवाळा, की दिवाळी झाली अन् बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. डॉक्टरनं बजावलं, दीड महिना धूळ नको, रान नको. बाई काळा चष्मा लावून घरात बसली आणि नवऱ्याला रोज सकाळी सांगू लागली, "माझ्या झाडाला बघा." ते म्हणायचे, "बघतो." ती म्हणायची, "नीट बघा." ते म्हणायचे, "बघायलोय की."

त्यातून त्या साली थंडी अशी पडली, की परभणीचा पारा रोज पेपरात. माणसं गोधडीतून तोंड काढंनात. एकटी चतुराबाई खूष. पहाटे अंगणात येऊन हात बाहेर धरायची, हात बधिर झाला की आत येऊन म्हणायची, "लय भारी." सून म्हणायची, ऑपरेशन डोळ्याचंच केलं ना?

दीड महिना सरला. चष्म्यासकट बाई रानात गेली, थेट मोसंबीच्या टोकाला. झाडाला एक पान नव्हतं. नुसत्या काड्या. बुडाशी मातीच्या जुन्या भेगा अजून बुजलेल्या नव्हत्या.

दिनकररावांनी पाणी तोडलं होतं. मुद्दाम, विचार करून. मोसंबीला बहर धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडावं लागतं, झाडाला ताण द्यावा लागतो, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. मोसंबीवाल्याला हे आईच्या दुधाबरोबर कळतं. त्यांनी मोसंबीला ताण दिला, तसा सफरचंदालाही दिला. आठवड्यापूर्वी मोसंबीला पाणी सोडलं, तेव्हा यालाही सोडलं. "फळझाड हाय," ते म्हणाले, "ताण दिल्याबिगर फुलंल कसं? तुझ्याच भल्यासाठी केलं मी."

बाई काही बोलली न्हाई. त्या दिवशी न्हाई, दुसऱ्या दिवशी न्हाई. अबोला धरला तो धरलाच. जेवण वाढायची, पण "भाकरी हवी का" हे सुनेला विचारायची, आणि सून सासऱ्याला विचारायची. चहाचं असं, दुधाचं असं, औषधाच्या गोळीचं असं. दिनकररावांच्या मिशा हलायच्या बंद झाल्या. रोज पहाटे अंधारातच ते गुपचूप जाऊन त्या काड्यांना घागरभर पाणी घालून यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं, बाईलाही; ती मात्र परत तिकडं फिरकली न्हाई.

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आलं. परमेश्वरनं चुन्याच्या फक्कीनं तळ्याची रेघ मारली. आईकडं न बघता मारली, कारण त्यालाही वाईट वाटत होतंच. बाई म्हणाली, "थांब जरा, मी येते भेटून." मेलेल्या झाडाला काय भेटायचं, पण कुणी हसलं न्हाई.

ती जवळ गेली, खोडावर हात ठेवला. आणि वरच्या काडीवर तिला काहीतरी दिसलं. गुलाबी. नव्या डोळ्यावर तिचा अजून पुरता भरवसा नव्हता, म्हणून तिनं तो झाकला आणि जुन्यानं बघितलं. जुन्यानंही गुलाबीच दिसलं. मग दोन्हींनी बघितलं. कळ्या! इथं तीन, तिथं पाच, खालच्या काडीवर गुच्छच्या गुच्छ, आणि टोकाला एक उमललेलं, पांढरं, गुलाबी कडांचं. त्याच्यावर एक मधमाशी बसलेली, हे झाड कायम इथलंच असल्यासारखी.

बाईला काय झालं ते बाईलाच सांगता यायचं न्हाई. हसू आलं, रडू आलं, चक्कर आल्यासारखं झालं. ती झाडाला एक फेरी मारून आली, मग दुसरी मारली. एक चप्पल कुठं गेली कळलं न्हाई. मशीनपुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. मशीनवाल्यानं घाबरून इंजिनच बंद केलं. परमेश्वर धावत आला, झाडाकडं बघितलं, आणि पायानं फक्कीची रेघ पुसायला लागला.

पण बाईचं लक्ष तिकडं नव्हतंच. तिला हे एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि तो माणूस रानाच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळ, पाठमोरा होता. तिनं पदर खोचला, तोंडाशी हात धरले आणि सगळा जीव गोळा करून हाक मारली.

"दिनकररावऽऽ! ओ दिनकरराव!"

बांधावरच्या सुलाबाईच्या हातातलं खुरपं गळालं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात असं भर रानात नाव! दिनकररावांना वाटलं, साप निघाला. धोतर सावरत, ढेकळांवरून ठेचकाळत ते धावत आले. आले ते झाडापुढं थांबले. वर बघत राहिले.

"झोपलं होतं ते," चतुराबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "मी बर्फ घालून झोपंना, अन् तुमी पाणी तोडलं तर पानं गाळून झोपलं. त्यात थंडी अशी पडली. मेलं नव्हतं ओ, झोपलं होतं."

दिनकररावांनी टोपी काढून तोंड पुसलं. तोंड पुसता पुसता डोळेही पुसले, तेवढ्यासाठी मान वळवली. मग हळूच म्हणाले, "मंजी आता बोलणार का तू माझ्याशी?"

"नाव घेऊन हाक मारली की," चतुराबाई म्हणाली. "आता अजून काय बोलायचं ऱ्हायलंय?"