मंगळाचं पठार आणि आमची पायरी

सुट्टी संपली होती. बसला अवकाश होता म्हणून आई आणि मी दारातल्या काळ्या दगडाच्या पायरीवर बसलो. थंडीतली सकाळ, पायरी गार पडलेली. मोबाइलवर मी आईला मंगळावरच्या ज्वालामुखींच्या पठाराचा फोटो दाखवला. तिनं आधी पदरानं स्क्रीन पुसली. पण ती लाल धूळ तिकडचीच होती.

"केवढाले गं हे डोंगर!"

"तिथली जमीन सरकत नाही, आई. खालचा विस्तव एकाच जागी लाव्हा ओतत राहिला, म्हणून डोंगर वाढतच गेले. आपली पायरीसुद्धा लाव्हाचीच. पण आपली जमीन तिच्या खालच्या विस्तवावरून सरकत इकडे आली."

"आणि तो विस्तव?"

"राहिला मागे, समुद्राखाली."

"एकटाच?"

पठारांची ती कोट्यवधी वर्षं मला आजवर नुसती लांबलचक वाटायची. आज पहिल्यांदा ती एकाकी वाटली.

बसची वेळ झाली. मी बॅग उचलली, "येते गं" म्हटलं. फाटकापाशी वळून पाहिलं, तर आई सरकून माझ्या जागी बसली होती. सगळ्या पायरीत तेवढ्याच दगडाला माझी ऊब होती.