बेहड्याखालचा खराटा

वेल्ह्याच्या राखीव जंगलात गेनू तेवीस वर्षं वनमजूर होता. कुठल्या झाडाला कधी बहर येतो, हे सहलीला आलेल्या मुलांना तोच दाखवायचा. मग भोरहून प्रेरणा वनरक्षक म्हणून नेमणुकीवर आली, गळ्यात दुर्बीण अन् हातात वही घेऊन. मुलं आता “ताई, ताई” करत तिच्यामागं पळायची आणि गेनूच्या पोटात दुखायचं.

एक गोष्ट मात्र तिला कळू द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं. फाल्गुनात बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी शिरली आणि आतून दार लिंपून बसली. राहिलेल्या फटीतून नर तिला फळं भरवायचा. खाली बियांचा सडा पडायचा, त्यावरून घरटं कुणीही ओळखलं असतं. म्हणून गेनू रोज सकाळी खराट्यानं झाडाखालचं झाडून काढायचा. “लई शिकलीया ना, मग हुडक म्हणावं,” असं पुटपुटायचा.

पुढं तापानं तो तीन दिवस घरी पडला. चौथ्या दिवशी धापा टाकत आला, तर बेहड्याखाली एकही बी नव्हती. खराटा हातात धरून प्रेरणा उभी होती.

“काका, फोटोवाल्यांना घरटं कळू नये म्हणून तुम्ही झाडता, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. मुलांनाही सांगितलं नाही. तुम्ही नव्हता, म्हणून मी झाडलं.”

“व्हय, त्यासाठीच,” गेनू म्हणाला.

तिनं आपल्याला इतकं चांगलं समजावं, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास लवकर आला, तिच्याआधी झाडायला.