कोपऱ्याच्या खांबाची मेख

मेस्त्री आले हे मला कधी डोळ्यांनी कळलं नाही, पाठीनेच कळलं. मागून एक गुद्दा बसायचा, हातातला चहा शर्टावर यायचा आणि मग आवाज, "बारके शेट, बरा हाय ना?" मी पन्नाशी ओलांडली, डोक्यावर मोजके केस उरले, तरी मी बारके शेटच. मोठे शेट म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या पाठीत गुद्दा घालायची मेस्त्रींचीही छाती झाली नसती.

वस्तू चांगली की वाईट हे ते मारून ठरवत. फणस, माठ, खाट, आमचे नवे जावई, सगळ्यांना एकच कसोटी. "मारल्याशिवाय समजत नाय," एवढंच त्यांचं शास्त्र. तुम्ही हसाल, पण सुताराची भाषाच बघा ना. रंधा मारायचा, पाचर मारायची, मेख मारायची. आपण तरी काय, हाक मारतो, गप्पा मारतो, मिठीसुद्धा मारतोच. मेस्त्रींनी यातलं मिठी सोडून सगळं मारलं.

वसईगावच्या बाजारपेठेत आमचं दोर, सुतळी आणि जाळ्यांचं दुकान. खाली दुकान, वर माडी, माडीला रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा, वर कौलं. सगळा भार ओट्यावरच्या चार सागवानी खांबांवर. अख्ख्या इमारतीत लोखंडाचा एक खिळा नव्हता. तुळई खांबात शिरलेली आणि सांध्यासांध्याला लाकडी मेख. हे सगळं मेस्त्रींच्या आजोबांनी उभं केलेलं.

दर वर्षी दिवाळीआधी मेस्त्री वटार गावाहून सायकलने यायचे आणि लाकडी मोगरीने खांबांना बडवायला लागायचे. पाली पडायच्या, कौलांमधली माती माझ्या टकलावर यायची, गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. मेस्त्री कान लावून ऐकायचे. 'ठण' वाजलं की पुढचा खांब. 'भद' वाजलं की कुऱ्हाड. वाळवी लागलेली एक तुळई त्यांनी अशी तोडली, की वाटावं तिने त्यांच्या घरावर दरोडा घातलाय.

एकदा मी हौसेने दुकानाला नवी पाटी करून घेतली. पाटीवाल्याने कोपऱ्याच्या खांबात भलामोठा खिळा घातला, आणि नेमके मेस्त्री आले. लाथेसरशी स्टूल उडालं. पाटीवाला ओट्यावर तोंडावर आपटला. उठतोय तोच मेस्त्रींनी त्याची कॉलर धरून त्याला त्याच खांबावर दाबला.

"लाकडात लोखंड मारतो? तुझ्या मांडीत मारू?"

त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. मी हळद आणायला आत पळालो, आणि खरं सांगायचं तर हळद सापडल्यावरही बराच वेळ आतच शोधत राहिलो.

माझा चुलतभाऊ तुळिंजला राहतो. दुकानात त्याचा निम्मा वाटा. त्याला त्या जागी चार मजली इमारत हवी होती. त्याने एक तज्ज्ञ आणला. तज्ज्ञाने कशालाही हात न लावता मोबाईलवर फोटो काढले आणि इमारत धोकादायक आहे म्हणून सांगितलं.

"मारून बघितला?" खांब बडवायला आलेल्या मेस्त्रींनी विचारलं. "नाय? मग कसा समजला?"

"मेस्त्री, हा आमच्या घरातला मामला आहे," चुलतभाऊ म्हणाला.

मेस्त्रींची मोगरी टेबलावर आली. टेबलावरच्या काचेचा चुरा झाला. चुलतभाऊ टेबलावर हात ठेवणारच होता, अजून ठेवला नव्हता म्हणून त्याची बोटं वाचली.

त्या संध्याकाळी मी मेस्त्रींना शब्द दिला, "मी आहे तोवर याला कोणी हात लावणार नाही." आठच दिवसांनी मी इमारत पाडायच्या कागदावर सही केली. बायकोला माडीचा जिना चढवत नव्हता, मुलांना दोरखंडात रस नव्हता. कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती, म्हणून तर ती इतकी सोयीची होती.

मेस्त्रींना बाजारात कळलं. ते येताना दिसले तसा मी पाठ वळवून तयार राहिलो. पण त्या दिवशी ते पुढून आले. दोन बोटांची पेरं त्यांनी माझ्या छातीवर वाजवली, मान तिरकी करून ऐकलं.

"पोकल," म्हणाले आणि गेले.

गुद्दा परवडला असता.

पाडायला यंत्र आलं. पहिल्या धडकेत सज्जा फाटला. त्याच्या कठड्याची लाकडी नक्षी रस्त्यावर आली आणि यंत्राच्या चाकाखाली चिरडली. दुसऱ्या धडकेत माडीची भिंत गेली. एकामागून एक तीन खांब मोडले. कोपऱ्याचा मात्र पडेना. अर्धं छप्पर त्याच्यावर लटकत होतं आणि यंत्र त्याला पुन्हा पुन्हा हाणत होतं. प्रत्येक दणक्याला आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा. बाजारातली माणसं मोबाईल वर धरून उभी होती. त्यांच्यामागे मी.

मेस्त्री कुठून आले कळलं नाही. पहिला दगड यंत्राच्या काचेवर बसला. काच खळ्ळकन खाली आली. चालक लोखंडी पहार घेऊन उतरला आणि त्याने मेस्त्रींच्या खांद्यावर ती घातली. मेस्त्री गुडघ्यावर बसले, उठले आणि डोक्यानेच त्याच्या पोटात शिरले. दोघे मातीत लोळायला लागले. मी मध्ये पडलो. आयुष्यात एकदाच पडलो, आणि कोणाचा ते माहीत नाही, पण कोपर लागून माझा पुढचा दात पडला.

"अरे, पाडायचाच हाय ना?" मेस्त्री खालूनच ओरडले. "मग असा हाल-हाल करून नको मारू त्याला! मी मारतो!"

चालकाची पकड सुटली. मेस्त्रींचा उजवा हात लोंबत होता. त्यांनी डाव्या हाताने पिशवीतून मोगरी काढली, सगळ्यांना मागे सारलं आणि त्या लटकत्या छपराखाली जाऊन उभे राहिले. "मेस्त्री, बाहेर या!" मी किंचाळलो. त्यांनी सवयीने खांबावर एक टोला दिला.

ठण.

इतका मार खाऊनही ठण.

मग वरच्या सांध्यातल्या मेखेवर त्यांनी तीन टोले हाणले. तिसऱ्याला मेख बाहेर उडाली. ती उचलून ते बाजूला झाले. त्यांच्या आजोबांनी उभं केलेलं सगळं एकदम, जागच्या जागी बसलं, थकलेला माणूस बसतो तसं. रस्ताभर धूळ झाली. धुळीतून मेस्त्री आले आणि मेख माझ्या हातात कोंबली.

"घे. आता बांध काय बांधायचा तो."

तो खांदा पुन्हा कधी धड झाला नाही. मेस्त्री त्यानंतर बाजारात आले नाहीत. दोनदा मी वटारला जायला निघालो, दोनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. तिसऱ्यांदा पोहोचलो तेव्हा ओसरीवर त्यांच्या फोटोला हार होता. मोगरी भिंतीला टेकून ठेवलेली होती.

आता नव्या इमारतीत माझा गाळा आहे. सकाळी शटर वर केलं की कोणी बघत नाही ना हे पाहून मी गल्ल्यातून ती मेख काढतो आणि छातीवर हळूच वाजवतो. आवाज येतो. पण तो ठण आहे की भद, हे मला सांगता येत नाही. मान तिरकी करून ऐकणारा माणूस एकच होता.