मंगलला मी फक्त विचारलं

आधी एक सांगून टाकते, म्हणजे नाक मुरडायचं तर आत्ताच मुरडून घ्या. मला लावणी आवडते. ढोलकीवरची, ठसक्याची, दोन अर्थांची — आणि कधीकधी एकाच अर्थाची. हे मी बरीच वर्षं लपवलं, पण त्याबद्दल मला काडीचीही लाज नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ती मी नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून.

माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. आमच्या क्वार्टरच्या चाळीत नाना मुलखांची माणसं, आणि प्रत्येकाच्या रेडिओवर वेगळं गाणं. मला सगळंच आवडायचं, पण ढोलकी वाजली की माझे पाय माझ्या ताब्यात राहायचे नाहीत. आता पाय माझे, ताल माझा — कुणाच्या बापाचं काय जातं? पण बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, विचारलं, गाण्याची आवड हाय का? आणि मी पदर सावरून म्हणाले, भक्तिगीतं आवडतात. अहो, असं सगळ्याच पोरी सांगतात. त्याला मी खोटं धरतच नाही.

लग्न होऊन मांडवगण फराट्याला आले. आप्पा माळकरी, सप्ताहात वीणा त्यांच्या गळ्यात. घरात टेप होता, पण त्यावर काय लागायचं ते तुम्ही ओळखलंच असेल. मग माहेरी गेले की मी एक उद्योग करायची. स्टेशनजवळ एक दुकानदार होता, आपण गाणी सांगायची आणि तो कोरी कॅसेट भरून द्यायचा. मी एका बाजूला अभंग भरून घेतले, दुसऱ्या बाजूला लावण्या. वर नाव घातलं, अभंग. हुशारी होती की नाही? मला तर फार अभिमान होता तिचा.

दोन वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि मंगल घरात आली. तिचं माहेर चौफुल्याजवळ. आमच्याकडं चौफुला म्हटलं की लोकांना तिथली लावणीची थिएटरंच दिसतात. मंगलच्या बापानं जन्मात कधी थिएटरची पायरी चढली नव्हती — ऊस, गुरं आणि घर, एवढंच त्याचं जग. पण हळदीपासूनच बायका सुरू झाल्या, "चौफुल्याची व्हय? मग नाचती का गं?" ती बिचारी हसून सोडून द्यायची.

आणि गायची. काय सांगू तुम्हाला, कसली गायची! भाकरी थापताना, गवत कापताना, धुणं वाळत घालताना — तोंड म्हणून मिटायचं नाही. आप्पा वरवर दटावायचे, पण ती गायला लागली की पेपर खाली ठेवायचे, मी पाहिलंय. बायकांच्या भजनात ती आली आणि बाकीच्या आपोआप हळू म्हणायला लागल्या. जरा चिडल्याही. मीही त्यात होते का? होते. थोडी होते.

दुपारी माणसं रानात गेली आणि आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, डोळा लागला की आम्ही दोघी दार लोटून दुसरी बाजू लावायचो. आवाज अगदी बारीक. एकदा ऐकलं की मंगलला चाल पाठ. मी पिठाच्या डब्यावर ठेका धरायची आणि ती अशी म्हणायची की कॅसेटमधली बाई हिच्यापुढं फिकी पडावी. हसून हसून आमच्या पोटात दुखायचं. माझ्या उभ्या संसारात तेवढी मजा मला दुसऱ्या कुणी दिली नाही.

मग सप्ताह आला. पहाटेच्या काकड्यानंतर देवळाच्या भोंग्यावर अभंग लावायची पद्धत. त्या दिवशी देवळातल्या टेपनं कॅसेटची फीतच खाल्ली. आप्पा घाईघाईनं घरी आले आणि फळीवरची अभंगाची कॅसेट घेऊन गेले. मी परसात पाणी तापवत होते, मला पत्ता नाही. एक बाजू छान वाजली. ती संपल्यावर माइकवाल्यानं भक्तिभावानं कॅसेट उलटी केली.

पुढं काय झालं ते सांगायला हवं का? चारी दिशांना भोंगे, गाव जागं, आणि ढोलकी कडाडली! खोटं कशाला बोलू — पहिल्या क्षणी मला हसूच आलं. देवळात म्हणे दोनतीन म्हातारे ठेका धरून बसले होते, शब्द कानात शिरल्यावर मग त्यांनी कानांवर हात ठेवले. बंद करणारा सापडेपर्यंत एक अख्खं कडवं झालं होतं. मग मात्र मला फळीवरची कॅसेट आठवली.

आप्पा कॅसेट हातात घेऊन सरळ परसात आले. मागं पाचसात माणसं, शेजारच्या बायका भिंतीवरून वाकलेल्या. आप्पांचा चेहरा काळवंडला होता. ते एवढंच म्हणाले, "कुणाची हाय ही?"

आता येते मी त्या गोष्टीवर. फार फिरवलं ना मी तुम्हाला?

मी खोटं बोलले नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — तू खोटं बोलली नाहीस, तू फक्त विचारलंस. मी मंगलकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंगल, तू माहेराहून आणलीस का गं?"

बस्स. एवढंच. चौफुल्याच्या पोरीला हा प्रश्न. उत्तराची कुणाला गरज होती? भिंतीवरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलंसुद्धा. आणि मला ते ठाऊक होतं. घाबरून तोंडातून गेलं असं मी म्हणणार नाही. मी विचार केला होता. क्षणभरच, पण केला होता.

मंगल माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं — डब्यावरचा ठेका कुणाचा, कॅसेट कुणाची. एक शब्द बोलली असती तर माझी गाठ आप्पांशी होती. ती बोलली नाही. ती थांबली. मी बोलेन म्हणून थांबली, हे मला तिथंच कळलं होतं. मी चुलीतलं लाकूड सारलं.

आप्पांनी तिला मारलं नाही, माहेरी धाडलं नाही. म्हणाले, "ह्या घरात पुन्हा तुझं गाणं ऐकू येता कामा न्हाई." मला वाटलं, म्हातारा चार दिवसांत विसरेल. आणि विसरलाही! पुढं आजारपणात स्वतःच म्हणाला, मंगल, एखादा अभंग म्हण की. मंगल म्हणाली, "येत न्हाई, आप्पा." भजनातल्या बायका दोनदा बोलवायला आल्या, त्यांनाही तेच. पोरगी झाली, तिला पाळण्यात नुसती दोरी ओढून झोपवायची. तोंड मिटलेलं.

माझ्याशी ती कधी वाकडं वागली नाही. भांडली असती तर मी चार शिव्या ऐकून मोकळी झाले असते, पण तेवढंही तिनं दिलं नाही. आणि मी? आप्पा गेल्यावर मी उघड लावणी ऐकायला लागले, दार सताड उघडं टाकून. कुणी भुवई उंचावली तर सरळ सांगते, आवडते मला, तुम्ही कान झाका. बघा, एवढं धाडस होतं माझ्यात. सगळं स्वतःपुरतं.

मंगलची पोरगी स्वाती चौथीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला गाणं मिळालं आणि ती दप्तर टाकून माझ्याकडं पळत आली. "मोठी आई, तूच शिकव मला. माझ्या आईला गाणंच येत न्हाई."

मंगल तिथंच भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. तिनं मान वर केली नाही की माझ्याकडं बघितलं नाही. आता ती वाटसुद्धा बघत नव्हती.

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "न्हाई येत तिला. ये, मी शिकवते."