कावेरीची वीज आणि वकीलअण्णा

माझे थोरले काका वकीलअण्णा यांना पंगतीत ताकभातापर्यंत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमटी वाढून होते न होते तोच ते उठून मांडवात येरझारा घालू लागत आणि काकू त्यांचं पान झाकून ठेवत. दाढीसुद्धा ते चालत चालत करत. गालाला कापसाचे बोळे नसलेले अण्णा आम्हा पोरांना ओळखूच आले नसते. माणसाच्या पायाला भिंगरी असते म्हणतात, यांच्या डोक्यातच ती होती.

ती फिरायला एखादा शब्द पुरे होई. "शब्दाला कुंपण घातलं नाही, तर त्यात कुणाचीही गुरं शिरतात," असं ते म्हणत. पक्षकार खुर्चीत बसलेला असायचा आणि अण्णा त्याच्याभोवती फिरत कुंपण घालत असायचे. बिचाऱ्याची मान अवघडून जाई.

इकडे कानडी मुलखात, शिवाजीनगरच्या बाजारामागे आमच्या मराठी समाजाचं अंबाबाईचं लहानसं देऊळ आहे. ते बांधणाऱ्यांनी ट्रस्टच्या कागदात अट घातली होती, की गाभाऱ्यात शुद्ध, बिनधुराच्या ज्योतीखेरीज दुसरा उजेड करू नये. त्यांचा राग रॉकेलच्या चिमणीवर होता. पुढे पुजारी गुंडूभटांची नजर मंदावली. एकदा अंधारात देवीचा मळवट भरताना कुंकू तिच्या डोळ्यांत गेलं आणि पंच नवा पुजारी शोधू लागले. गुंडूभटांना देवळामागच्या खोलीशिवाय घर नव्हतं. अण्णांनी विजेचा दिवा लावा म्हणून सुचवलं, तर पंचांनी कागदातली अट पुढे केली.

"वीज कशाने होते ते बघा," अण्णा सभेत फिरत फिरत म्हणाले. "कावेरी कड्यावरून पडते, चाक फिरतं, वीज होते. काही जळत नाही, धूर नाही. जी कावेरी अभिषेकाला चालते, ती दिव्याला का चालू नये?" थोरल्या पंचांनी "सरी अण्णा, सरी" म्हणत मान्य करून हात जोडले. दिवा लागला, गुंडूभट राहिले.

१९६० साल उलटल्यावर एकदा पावसाने फारच ओढ दिली. धरणं आटली, वीज वरचेवर जाऊ लागली, आणि पेपरात आलं की शेजारच्या राज्यात कोळशावर केलेली वीज आता आपल्या तारांत येते आहे. आम्ही ते वाचून पेपर रद्दीत टाकला. अण्णांची मात्र झोप उडाली. देवळाच्या तारेत नेमकी कुठली वीज येते, हे विचारायला ते वीज कचेरीत जाऊन आले. तिथल्या इंजिनियरने हसून सांगितलं की सगळी एकत्र होते, निवडून काढता येत नाही. काकू म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलंय? स्वल्प गप्प बसा की." नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं.

त्यांनी स्वतःच सभा बोलावली. "धूर आपल्या गावात दिसत नाही म्हणून तो होतच नाही, असं मी म्हणणार नाही," असं सांगून त्यांनी आपलाच जुना युक्तिवाद मोडून काढला. मला त्यांचा भयंकर राग आला. एका म्हाताऱ्याचं घर जायची वेळ आणि यांना शब्दाची पडली होती. पंचांनी दिवा बंद केला आणि नव्या पुजाऱ्याचा विषय पुन्हा निघाला. तेव्हा अण्णा म्हणाले की उजेड मी धरतो, भट इथेच राहतील.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पूजेला ते तुपाचं निरांजन हातात घेऊन गुंडूभटांच्या खांद्याशी उभे राहू लागले. पंचांना नाही म्हणायला जागा उरली नाही. पुढे पाऊस आला, धरणं भरली, पण कोळशाची वीज काही तारांतून हटली नाही आणि अण्णांचाही नेम चुकला नाही. कोर्टाची तारीख असो की अंगात ताप असो, ते यायचे आणि पूजा संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणाचं ऐकलं नसतं.

अण्णा अचानक गेले. तेराव्याला गुंडूभट भिंत चाचपत आमच्याकडे आले. त्यांची काळजी वाटून मी म्हटलं, उद्यापासून निरांजन मी धरीन.

"बेड रे बाळा, नको," ते म्हणाले. "मला कधीपासूनच काही दिसत नाही. पूजा हाताला पाठ आहे."

मग अण्णांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"सांगितलं असतं तर तो यायचा थांबला असता. दिवसातनं तेवढाच वेळ त्याचा श्वास माझ्या कानाशी शांत चालायचा. ती शांतता मोडायचं माझ्या जिवावर आलं."